डाव्या पायाचा बूट

सोलापुरात थंडी म्हणजे
सकाळी कानाला मफलर, दुपारी पुन्हा पंखा.
पण नान्ना पहाटे चारला उठून बसतात. म्हणतात, चली.
आमच्या घरच्या तेलुगूत चली म्हणजे थंडी,
आणि नान्नांची चली गुडघ्याच्या खालीच राहते.

एकतीस वर्षं ते पाय मागाच्या खड्ड्यात होते.
वर चादरीवर मोर उतरायचा, वेल चढायची,
खाली ओल्या मातीच्या अंधारात
दोन अनवाणी पाय पावड्या दाबत.
आता साखरेनं त्यांतलं कळणंच नेलं.
गेल्या वर्षी मी गरम पाण्याची पिशवी लावली,
सकाळी टाचेला रुपयाएवढा फोड.
नान्ना वाकून बघत म्हणाले, "ही टाच कुणाची गं?"

डॉक्टर बिराजदारांनी गोळ्यांच्या खाली लिहून दिलं :
मऊ, उबदार, आत शिवण टोचायला नको.
हे कुठल्या मेडिकलात मिळतं ते लिहिलं नाही.

नवी पेठेत पोरगा म्हणाला,
"ताई, ओरिजनल मेंढी. तीन हजार आठशे."
नान्नांनी आतली लव नखानं उपटली
आणि काडेपेटी मागितली.
पोरगा काउंटरच्या मागे सरकला.
तंतू वितळला, काळा मणी झाला, बादलीसारखा वास.
"ही मेंढी," नान्ना म्हणाले, "डिझेल पिऊन वाढलीय."

मग स्वेटरवाल्यांच्या रांगेत गेलो,
जिथे दरवर्षी तिबेटी बायका ताडपत्री बांधतात.
डोलकरनं टोप्यांच्या ढिगाखालून दोन जोड काढले,
आणि नान्ना काही बोलायच्या आत
स्वतःच लायटर पुढे केला.
जळक्या केसांचा वास आला.
राख चिमटीत दाबली तर पीठ.
नान्ना हसले. सूत ओळखीचं निघालं की
ते असेच हसायचे, ओठ मिटून.

आता माप.
सातचा चढेना. आठचा चढला.
"चावतोय का?"
"मला काय विचारतेस? पायाला विचार."
पाय काही बोलेना.
म्हणून मीच हात घातला आत, मनगटापर्यंत,
नान्नांचा पाय होऊन चाचपत गेले,
आणि त्या उबेत क्षणभर दचकले.
कुणाच्या तरी अंगावरची ऊब होती ती, काढून घेतलेली.
उजवा ठीक.
डाव्यात, अंगठ्याच्या जागी,
ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ.

आठचा तेवढाच जोड. मी म्हटलं, राहू दे, पुढं बघू.
"दे इकडं. हात अजून माझेच आहेत."

खिशातून चिमटा निघाला.
माग भंगारात जाऊन सहा वर्षं झाली,
चिमटा खिशातच होता,
मला ठाऊक नव्हतं.
बुटात हात, डोळे मिटलेले,
गर्दी, भोंगे, शेजारी शेंगा भाजणाऱ्याचा खुळखुळाट,
नान्ना कुठेच नाहीत, फक्त दोन बोटं.
मग दोऱ्याचा एक काळा गोळा त्यांनी
डोलकरच्या तळहातावर ठेवला.

दोन हजार दोनशे. घासाघीस केली नाही.
पैसे दिले आणि हात पसरला :
"गाठ काढायची मजुरी, तीस रुपये."
डोलकर बघतच राहिली. मग इतकी हसली
की शेजारच्या दुकानातून तिची बहीण डोकावली,
आणि कमरेच्या पिशवीतून तिनं दहा-दहाच्या तीन नोटा मोजल्या.

घरी उंबऱ्यावर अडले. बूट घालून घरात?
अर्धा तास वाद. शेवटी मी तळवे पुसून दिले,
नवेच होते, तरी पुसले.

पहाटे चारला खाटेची कुरकुर ऐकू आली.
दिवा न लावता विचारलं, "नान्ना, गरम वाटतंय?"
बराच वेळ काही नाही.
मग अंधारातून, "तुझा हात काय म्हणाला होता?"
"गरम."
"मग असणार की."